सरासरीवर जाऊ नका

खेळाडूच्या गुणांवर पैज लावणाऱ्यांना एक सल्ला दिला जातो: त्याची सरासरी २० गुणांची आणि पैज घेणाऱ्या कंपनीची रेषा, म्हणजे तिने ठरवलेला गुणांचा आकडा, १६.५ ची असेल, तर बिनधास्त ‘ओव्हर’ घ्यावं, म्हणजे तो त्याहून जास्त गुण करेल अशी पैज लावावी. नवख्या माणसाला हा सल्ला महागात पडेल.

एखाद्या बास्केटबॉलपटूचे शेवटच्या पाच सामन्यांतले गुण असे धरा: १२, १४, १५, १६ आणि ४३. सरासरी बरोबर २०. पण १६.५ च्या वर तो एकदाच गेलाय! एका सामन्याने सगळी सरासरी फुगवली. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला बघा, तो १५ आहे. आता रेषा स्वस्त वाटते का?

मग दर, म्हणजे जिंकल्यावर लावलेल्या एका रुपयामागे किती रुपये हातात येतात ते. तो दोन्ही बाजूंना १.९१ असेल, तर ५२.४ टक्के वेळा बरोबर आलात तरच मुद्दल सुटतं. अशा तीन पैजा एकत्र जोडल्या (तिन्ही बरोबर आल्या तरच पैसे) की जिंकण्याची शक्यता साधारण आठात एक, आणि परतावा मात्र सातपटही नाही. कंपन्या या जोडपैजांची जाहिरात उगाच करत नाहीत.

फॉर्मपेक्षाही खेळाडू किती मिनिटं मैदानावर असेल हे आधी तपासा. आणि ते त्याच्या एकट्याच्या हातात असू शकतं, हे विसरू नका. पैजांसाठी स्वतःचा खेळ मर्यादित ठेवल्यामुळे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने २०२४ मध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर कायमची बंदी घातली. म्हणून राखीव खेळाडूंवरच्या पैजांपासून नवख्यांनी लांबच राहावं, असं मला मनापासून वाटतं.