बाबांच्या जुन्या लेव्हल बुकात आमच्या उंच्या सापडल्या, कोणी वाचून देईल का?

कुंभार्लीघाट
नमस्कार मंडळी. बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला घरातल्या घरात वाटायला एक छोटी पुस्तिका करायचं भाऊ आणि मी ठरवलंय. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर, नोकरीचा बहुतेक काळ कोयना प्रकल्पावर, आधी कोयनानगरला आणि १९९१ पासून अलोऱ्याला. १३ मार्च १९९९ ला चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं त्या टीममध्ये ते होते, ते माझं दहावीचं वर्ष आणि बाबा घरी यायचे ते फक्त झोपायला, तरी रोज रात्री माझी भूमितीची वही उशाशी घेऊन तपासायचे आणि सकाळी त्यात लाल पेन्सिलीच्या खुणा दिसायच्या.

तर प्रश्न असा. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं एक लेव्हल बुक, म्हणजे साइटवर पातळ्या मोजून लिहायची वही, मिळालं. आम्हाला वाटलं साइटचं असेल, तर रिमार्कच्या रकान्यात "ताई, इ. पहिली", "बाळ, दात पडला" असं लिहिलेलं! म्हणजे दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा करायचे त्या सगळ्या यात उतरवल्यात. पण आकडे १०१.०९० वगैरे. शंभर मीटर उंच होतो की काय आम्ही? आणि बीएस, आयएस, एफएस, आरएल हे काय? एका ओळीत बीएस आणि एफएस दोन्ही भरलेत, रिमार्क "सी.पी. ताई, क्वार्टर बदल, मे ९१". आणि शेवटच्या पानावर "स्वतः" असं लिहून खाली "सेटलमेंट २५, परमिसिबल". आई म्हणते विम्याचं काहीतरी असणार. भाऊ आयटीत, मी बँकेत, आम्हाला दोघांनाही यातलं ओ की ठो कळत नाही.

डंपीलेव्हल
ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं आणि हसूही आलं. शंभरचं सोपं आहे. जवळपास खरा बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच माहीत असलेली खूण, नसला की एखादी पक्की जागा धरायची आणि तिची लेव्हल १००.००० मानायची, बाकी सगळं त्याच्यावरून. तुमच्या वडिलांनी क्वार्टरची फरशी शंभर धरलीय. म्हणजे १०१.०९० म्हणजे तुम्ही पहिलीत १ मीटर ९ सेंटिमीटर. आरएल म्हणजे रिड्यूस्ड लेव्हल, त्या बिंदूची काढलेली पातळी. इन्स्ट्रुमेंट, म्हणजे पातळी बघायची दुर्बीण, लावल्यावर पहिलं रीडिंग ते बॅकसाइट (बीएस), ते माहीत असलेल्या बिंदूवर घेतात. उचलायच्या आधीचं शेवटचं ते फोरसाइट (एफएस). मधली सगळी आयएस, इंटरमीजिएट साइट.

आता ती दोन्ही भरलेली ओळ. सी.पी. म्हणजे चेंज पॉइंट. इन्स्ट्रुमेंट एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं असतं तेव्हा मध्ये एक न हलणारा बिंदू निवडतात, जुन्या जागेवरून त्याच्यावर फोरसाइट घ्यायची, नव्या जागेवरून त्याच बिंदूवर बॅकसाइट. त्या ओळीच्या खाली काय लिहिलंय ते बघून सांगा.

अलोरे_कॉलनी
जरा अवांतर. आमचेही वडील तिथलेच. तुमच्याकडे वह्यांना रद्दी ड्रॉइंगची कव्हरं असायची का हो? आमच्या सगळ्या वह्यांना अमोनिया प्रिंटची कव्हरं, उघडली की तो नाकात जाणारा वास, आणि मराठीच्या वहीवर बोगद्याचा छेद. बाई विचारायच्या हे काय, मी ऐटीत सांगायचो सर्ज शाफ्ट. काही कळत नव्हतं अर्थात.

पुस्तिकेत लेक टॅपिंगबद्दल लिहिणार असाल तर नुसतं "आशियातलं पहिलं" लिहून सोडू नका, ते सगळेच लिहितात. पोरांना कळेल असं सांगा, की तलाव रिकामा न करता खालून बोगदा खणत तळापर्यंत गेले, शेवटचा खडकाचा बूच तेवढा ठेवला आणि तो सुरुंगाने उडवला, दगड पडायला आधीच खड्डा करून ठेवलेला. वर सगळा शिवाजीसागर, कोयना धरणाचा तलाव, आणि खाली हे लोक मोजमाप करत होते. आमची आई तेव्हा किती उपास करायची!

कुंभार्लीघाट
@अलोरे_कॉलनी हो हो, तोच वास! ट्रंकेतही येतो अजून.
@डंपीलेव्हल खालच्या ओळीत "नवीन क्वार्टर, फरशी" आणि आरएल १००.०००. बाजूला बेरजा करून "चेक्ड, ओके" आणि सही.

डंपीलेव्हल
मग झालं की. ताई, न हलणारा बिंदू तुम्ही आहात. निघायच्या आधी कोयनानगरच्या फरशीवर उभं करून तुमची उंची घेतली, अलोऱ्याला सामान उतरवल्यावर पुन्हा घेतली, आणि त्यावरून नव्या घराची पातळी काढली. ती अर्थातच १०० आली. कोयनानगर घाटाच्या वर, अलोरे खाली कोकणात, निदान पाचशे मीटरचा उतार असेल, पण साहेबांनी कागदावर दोन्ही घरं एका लेव्हलला आणून ठेवली आणि वर सही ठोकली.

(तांत्रिकदृष्ट्या स्टाफ, म्हणजे रीडिंग घ्यायची उभी मोजपट्टी, उलटी धरल्यासारखं आहे, रीडिंगला मायनस हवा होता. माझ्या हाताखाली असते तर पान परत पाठवलं असतं.)

पाटकरी
सेटलमेंटचं मी सांगतो, विम्याशी संबंध नाही. वहिनींना सांगा काळजी नको. इमारत बांधली की पाया थोडा खचतोच, त्याला सेटलमेंट म्हणतात. सुट्या फुटिंगला, म्हणजे एकेका खांबाखालच्या पायाला, २५ मिलिमीटरपर्यंत चालतं असं आम्ही धरायचो. "स्वतः" च्या दोन नोंदी असतील बघा.

कुंभार्लीघाट
आहेत. २००३, रिटायरमेंट, १०१.६८५. आणि २०१९ ची १०१.६६०. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तरीच. त्या दिवशी मला स्टुलावर चढवून डोक्यावर पट्टी धरायला लावली होती, आणि सरळ धर, सरळ धर म्हणून ओरडत होते."