गाडी चकाचक आहे म्हणून सेवा चांगली, हे मला मान्य नाही

जुळे_सोलापूरची

परवा आपल्याच एका सोलापूरकराची पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं शांत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मेट्रोत एसी आहे, फरशी चकचकीत आहे, गाडी वेळेवर येते, तरी लोकं रडतात, आणि सोलापुरात शेअर रिक्षाच्या चौथ्या सीटवर बसून मोठे झालेल्यांनी तर तोंडच उघडू नये. खाली ढीगभर लोकांनी "अगदी बरोबर" म्हणून माना डोलवल्यात.

का उघडू नये? सोलापुरात हाल काढले म्हणून दुसऱ्या शहरात तिकिटाचे पैसे मोजून प्रश्न विचारायचा हक्क जातो का? हे कुठलं लॉजिक आहे.

मी नोकरीच्या शहरात रोज मेट्रोनं जाते. शहराचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तिथले लोक धावून येतात आणि मुद्दा राहतो बाजूला. गाडीबद्दल माझी तक्रार नाही हे आधीच सांगते. डबा स्वच्छ असतो, बायकांना धक्के खावे लागत नाहीत, वेळ पाळतात. पण प्रवास गाडीच्या दारात सुरू होत नाही ना! घरातून स्टेशनपर्यंत जायला फीडर बस आहे म्हणे, ती स्टॉपवरच्या पाटीवर आहे, रस्त्यावर मला क्वचितच दिसते. रिक्षावाल्याला स्टेशन म्हणलं की तो मान फिरवतो, एवढं जवळचं भाडं त्याला परवडत नाही. म्हणजे चालत. पावसात चालत, मे महिन्यात चालत, आणि रात्री उतरल्यावर ज्या गेटबाहेर एक दिवा धड लागत नाही तिथून फोन कानाला लावून बोलत असल्याचं नाटक करत चालत.

आई आली होती गुडघ्याच्या तपासणीला. तिला मोठ्या हौसेनं मेट्रोनं नेलं. स्टेशनला पोचलो तर आमच्या बाजूची लिफ्ट बंद, त्यावर "गैरसोयीबद्दल क्षमस्व" एवढाच कागद, कधी चालू होणार त्याचा पत्ता नाही. सरकता जिनासुद्धा त्या बाजूला नाही. तिथला गार्ड नीट बोलला, म्हणाला मॅडम पलीकडच्या बाजूची लिफ्ट चालू आहे. पलीकडची बाजू म्हणजे मधे अख्खा हायवेसारखा रस्ता, सिग्नल लांब. आई कठड्याला धरून चढली, मधे दोनदा पायरीवर बसली, लोकं बाजूनं पटापट निघून जात होती. वर पोचल्यावर एसी डब्यात बसायला जागासुद्धा मिळाली, पण तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवसाचं काय सांगू, गाडी वेळेवर आली होती?

आणि अजून एक. सकाळ-संध्याकाळ ऑफिसवाल्यांसाठी गाड्या भराभर असतात, दुपारी दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. दुपारी कोण असतं? शिफ्टच्या नर्सेस, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नाही त्यांनाच जास्त थांबवायचं. सेवा मोजायची असेल तर घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या दारापर्यंत मोजा, मधला एसीचा तुकडा तेवढा कापून दाखवू नका.

हुतात्मा_पॅसेंजर

ताई, आईचं वाचून वाईट वाटलं, पण एका बंद लिफ्टवरून सगळ्या मेट्रोला झोडपणं हा अन्याय आहे. मी पुण्याचं सांगतो. पूर्वी हुतात्मा एक्सप्रेसमधून पुणे स्टेशनला उतरलं की बाहेर रिक्षावाल्यांचा घोळका, स्वारगेट म्हणलं की तोंडाला येईल तो आकडा. आता स्टेशनला लागूनच मेट्रो आहे, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची की स्वारगेट. तिकीट दहापासून पस्तीस रुपयांपर्यंत, शनिवार-रविवारी तीस टक्के सूट. घासाघीस नाही, कुणाचं तोंड बघायला नको. मी कपड्याचे गठ्ठे घेऊन जाणारा माणूस आहे, मला याची किंमत कळते.

आणि जरा वेळ द्या हो. ६ मार्च २०२२ ला पुण्यात सुरू झाली तेव्हा दोन तुकडे होते नुसते, लोक हसत होते जॉयराईड म्हणून. आज पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी सलग जाता येतं. दिल्लीतसुद्धा डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी एवढाच टप्पा सुरू झाला होता. जाळं वाढायला वर्षं लागतात. तुम्हाला पहिल्या दिवशी सगळं पाहिजे.

पद्मा_कन्नाचौक

दहा ते पस्तीस पुण्यात. आमचे अर्धे नातेवाईक हैदराबादला, तिथलं बघा. तिथं १० ते ६० रुपये होतं ते मे २०२५ मध्ये १२ ते ७५ केलं, बोंब झाल्यावर दहा टक्के कमी करून ११ ते ६९ वर आणलं. बंगळुरूनं त्याच वर्षी फेब्रुवारीत जास्तीत जास्त भाडं ६० वरून ९० केलं. मोठ्या पगाराच्या माणसाला फरक पडत नाही, पण घरातली चार माणसं लग्नाला निघाली तर दोन्हीकडचं मिळून किती होतं याचा हिशोब करा आणि मग रिक्षा-टॅक्सी का घेतात ते विचारा. परवडत नसेल तर लिफ्ट चालू असून काय उपयोग. माझ्यासाठी सेवेचा पहिला मुद्दा भाडं, बाकी सगळं नंतर.

चिमणी_बघितलेला

मेट्रो मेट्रो काय लावलंय. २९ सप्टेंबर २०२४ आठवतं का कुणाला? एकाच कार्यक्रमात पुण्याच्या सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट मेट्रोचं उद्घाटन आणि आपल्या होटगी रोडच्या विमानतळाचं पण उद्घाटन. त्यांची मेट्रो लगेच धावली. आपलं विमान उडायला जून २०२५ उजाडलं, ते पण गोव्याला! त्याआधी विमानाच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्या चिमणीवर किती वर्षं भांडणं झाली, ऊस उत्पादक एका बाजूला आणि व्यापारी एका बाजूला, घराघरात वाद. आम्हाला कायम असंच, फीत आधी, गाडी नंतर.

हुतात्मा_पॅसेंजर

चिमणीचा धागा वेगळा काढा मालक. इथं विषय मेट्रोच्या सेवेचा आहे.

सात_रस्ता

विषय तोच आहे की. ज्या पोस्टवरून हे सुरू झालं त्यात चौथ्या सीटचा टोमणा होता, आणि तो टोमणा खराय. मेट्रोची लिफ्ट बंद पडली म्हणून एवढं मोठं लिहिता, इथं आसरा चौकातून नव्या पेठेत यायचं म्हणलं तर शेअर रिक्षात मागं चौघं, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूला एकेक, आणि गाणी फुल. मीटर? लहानपणापासून मी मीटर खाली पडलेला बघितला नाही सोलापुरात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसात माझी बहीण दोन लेकरं घेऊन होम मैदानाजवळून निघाली, तर रिक्षावाल्यानं रोजच्या चौपट मागितले, वर म्हणाला बसायचं तर बसा. लेकरू झोपलेलं खांद्यावर. बसली बिचारी. मेट्रोत असं कुणी करू शकतं का? मशीनला माणूस बघून भाव लावता येत नाही, मला तेवढंच पुरे आहे.

खाकी_शर्ट

काय बोलूलालास बे? मी रिक्षा चालवतो. रात्री हुतात्मा येते तेव्हा स्टेशनबाहेर कोण उभं असतं? सिटीबस असते का? तुम्ही बॅगा घेऊन उतरता तेव्हा जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, सगळीकडं आम्हीच सोडतो. तेव्हा खाकी शर्ट चांगला वाटतो.

माझे आजोबा लक्ष्मी-विष्णूत होते. मिल बंद पडली, घरात कुणी विचारलं नाही आता काय खाणार. वडिलांनी दागिने मोडून रिक्षा घेतली. गल्लीतल्या कितीतरी घरांत हेच झालं, मिलचे भोंगे थांबले आणि पोरं रिक्षावर आली. हप्ता, पासिंग, विमा, गॅसच्या पंपावरची लाईन, हे सगळं काढून संध्याकाळी हातात काय राहतं ते येऊन बघ एकदा. तीन सीट घेऊन दहा-वीस रुपयांत सोडायला लागलो तर गॅसचं पण निघत नाही. मेट्रोला सरकार हजारो कोटी देतं तेव्हा दहा रुपयांत तिकीट निघतं. आम्हाला कोण देतं?

सात_रस्ता

मिल बंद पडली त्याचं दुःख आहे, माझा काका पण नरसिंग गिरजीत होता, त्यामुळं ते मला सांगू नको. पण माझ्या बहिणीनं मिल बंद केली नव्हती. तिच्याकडून चौपट का?

खाकी_शर्ट

एकानं घेतले म्हणून सगळे चोर? तुझ्या धंद्यात सगळे हरिश्चंद्र आहेत का? गड्ड्याला रस्ते बंद असतात, फिरून फिरून जावं लागतं, अर्धा तास एका भाड्याला. तरी चौपट चुकीचंच आहे, मी घेत नाही आणि घेणाऱ्याला मी स्टँडवर चार शब्द सुनावतो. पण तू सगळ्यांना एका दोरीत बांधू नको.

जुनी_पेठ_काका

दोघंही थांबा जरा. भांडण चुकीच्या दोघांत लागलंय. १९९२ ला हद्दवाढ झाली, शहर चारी बाजूनं पसरलं, आणि त्या मानानं बस वाढायच्या ऐवजी कमी होत गेल्या. मधे केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून नव्या कोऱ्या बस आल्या होत्या. त्यांच्या चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले, बस डेपोत उभ्या राहिल्या, प्रकरण लवादापर्यंत गेलं. बसची जागा रिक्षानं भरली, कारण दुसरं काही शिल्लकच नव्हतं. जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसच्या यादीत पुणे दुसरं होतं आणि आपण नववे, पेढे वाटले होते लोकांनी. पुण्याला पुढं मेट्रो मिळाली. आपल्याला रस्त्यावर चार नवीन बस दिसल्या असत्या तरी मी समाधानी झालो असतो. ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस योजनेत सोलापूरचं नाव आलंय, तेव्हा प्रश्न त्या बस कधी फिरणार हा विचारा, आणि एकमेकांच्या बापजाद्यांना मधे आणू नका.

चिमणी_बघितलेला

आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. उजनी उशाला असून. ते पण लिहा.

जुळे_सोलापूरची

पाण्याचं खरंय, पण आता कृपा करा.

खाकी दादा, तुमचं वाचून एक गोष्ट मान्य करते. जवळचं भाडं नाकारणाऱ्या रिक्षावाल्याला मी नुसतं शिव्या देत होते, त्याला ते परवडत का नाही हे मी कधी मांडलं नाही. पण मान्य इतकंच. कारण स्टेशन बांधताना रिक्षाला उभं राहायला जागा, बसला वळायला जागा, चालणाऱ्याला फूटपाथ, हे ज्यांनी नकाशावर आखायचं त्यांनी आखलं नाही, आणि मग प्रवासी आणि रिक्षावाला रस्त्यात एकमेकांवर ओरडतात. हेच तर मी सेवा म्हणतेय.

हुतात्मा भाऊ, "वेळ द्या" म्हणालात. मार्ग वाढवायला वर्षं द्यायला मी तयार आहे. लिफ्टच्या कागदावर दुरुस्तीची तारीख लिहायला किती वर्षं लागतात?

हुतात्मा_पॅसेंजर

बरं, तारखेचा मुद्दा तुमचा. कागदावर तारीख पाहिजे आणि एका बाजूची लिफ्ट बंद असेल तर माणूस सोबत द्यायला पाहिजे, हे घ्या, दिलं. पण तुमची शहरातली एखादी मैत्रीण जेव्हा मेट्रो सोडून परत स्कूटी काढेल ना, तेव्हा तिला विचारा खड्डे आणि धूर कसा वाटतो. लोकांनी तक्रारी वाचून मेट्रो सोडली तर दुपारच्या गाड्या अजून कमी होतील. गर्दी असेल तर गाड्या वाढतात, हे साधं गणित आहे.

मांजरीचा_मोहोळकर

गर्दीचं गणित आम्हाला सांगू नका. सोलापूर रस्त्यावरची निम्मी माणसं हडपसर, मांजरी, मगरपट्ट्याला राहतात, कारण गावाकडची एसटी तिथं थांबते. गर्दी तिथं आहे, मेट्रो नाही. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. म्हणजे खोदकाम, बॅरिकेड, वळवलेले रस्ते अजून पुढंच आहेत. तुम्ही एसीवर भांडा, आम्ही हडपसरच्या गाडीतळावर एकाच जागी उभं राहून सगळं वाचतोय, पुढची गाडी अजून हलली नाही.

पद्मा_कन्नाचौक

आणि तो मार्ग होईपर्यंत पस्तीसचे किती झालेले असतील ते पण बघा. कुणीच भाड्यावर बोललं नाही, माझा मुद्दा सगळ्यांनी ओलांडून पुढं गेलात.

सात_रस्ता

भाड्यावरच बोलतोय आम्ही पहिल्यापासून. खाकी, तू सांग, स्टँडवर सीटमागं दर किती ते मोठ्या अक्षरात लिहिलेला बोर्ड लावला, गड्ड्यातला पण वेगळा लिहून, तर तुम्ही लोक तो पाळणार का?

खाकी_शर्ट

गॅस वाढला की बोर्ड पण बदलायचा, ते लिहून दे. दर वर्षी आमच्या माणसाला बोलावून दर ठरवायचा. मग पाळतो. तीनच सीट घेतो.

सात_रस्ता

बोर्डाप्रमाणं घेतलेस तर बहिणीला तुझ्याच रिक्षात बसवतो.

खाकी_शर्ट

बसव. आणि ऑफिसला उशीर झाला की "मालक, पुढं बसू का" म्हणून चौथा तूच चढायचा नाही.