नडगी मोडल्यानंतर दाविद व्हिया पूर्वीचा राहिला होता का?

डावा_विंगर

मंडळी, डाव्या पायाची नडगी मोडून आज सात आठवडे झाले. सामन्यात मला कोणी पाडलं नव्हतं, धक्काही लागला नव्हता. धावताना पाय वाकडा पडला. आधी आवाज ऐकू आला, मग दुखायला लागलं. तेव्हापासून पाय उशीवर आणि लॅपटॉप पोटावर. या दिवसांत २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधले स्पेनचे सातही सामने पुन्हा पाहून झाले, कारण शाळेत असल्यापासून माझा खेळाडू एकच, स्पेनचा स्ट्रायकर दाविद व्हिया.

त्याचीही डावीच नडगी मोडली होती. १५ डिसेंबर २०११, योकोहामा, क्लब वर्ल्ड कपची सेमीफायनल, बार्सिलोना विरुद्ध अल साद. बाराच दिवसांपूर्वी त्याला तीस पूर्ण झाली होती. मी एकोणतीसचा आहे.

तो परतला, गोल केले, हे मला माहीत आहे. विचारायचंय ते वेगळंच. ज्यांनी त्याला आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा नीट पाहिलंय, त्यांनी सांगा, तो तोच व्हिया होता का? मन राखायला काही लिहू नका. खरं काय ते सांगा.

कोपऱ्यातला_फ्लॅग

लवकर बरे व्हा. खरं विचारलंत म्हणून सांगतो, माझ्या मते नव्हता. १९ ऑगस्ट २०१२ ला, म्हणजे आठ महिन्यांनी, रेआल सोसिएदादविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि गोलही मारला. त्या रात्री मलाही भरून आलं होतं. पण त्या मोसमात तो बराच काळ बाकावरच होता. बार्सिलोनाने २०१० मध्ये त्याच्यासाठी व्हॅलेन्सियाला ४ कोटी युरो मोजले होते. २०१३ मध्ये आतलेतिको माद्रिदला दिला तो फार तर ५१ लाखांत. क्लबचे लोक रोज सराव पाहतात, त्यांना काहीतरी दिसलं असणारच.

नऊ_नंबर

वरच्या उत्तराशी मी सहमत नाही. पण कारण सांगायला मला थोडं मागे जावं लागेल, तेवढं ऐकून घ्या.

व्हिया उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियातल्या तुइया गावचा, लांग्रेओ भागातला. कोळशाच्या खाणींचा मुलूख. वडील खाणकामगार. त्याचं टोपणनाव ‘एल ग्वाहे’. अस्तुरियात पोराला ग्वाहे म्हणतात, आणि खाणीत मोठ्या कामगाराच्या हाताखाली राबणाऱ्या पोरालाही तोच शब्द होता. चार वर्षांचा असताना या ग्वाहेची उजवी मांडी मोडली. पाय प्लास्टरमध्ये. वडील समोर उभे राहून त्याच्या डाव्या पायाकडे बॉल टाकत राहिले आणि हा डाव्यानेच परत मारत राहिला. म्हणजे हाड मोडणं त्याला तिसाव्या वर्षी नवीन नव्हतं. त्याचा डावा पाय घडला तोच मुळी प्लास्टरमुळे.

तुम्ही नुकतेच सामने पाहिलेत ना? पोर्तुगालविरुद्धचा गोल पुन्हा लावा, ६३ वं मिनिट. झावी टाचेने बॉल आत सरकवतो. व्हियाचा पहिला फटका डाव्या पायाने, गोलकीपर एदुआर्दो तो अडवतो. बॉल परत येतो आणि दुसरा फटका उजव्याने, आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागून आत. दोन फटक्यांच्या मध्ये पाय बदलला, पण शरीर कुठेही अडखळलं नाही. चिलीविरुद्ध ब्राव्हो गोल सोडून पुढे आला तेव्हा बॉल आला तसा दुरूनच मारला, तोही डाव्याने. होंडुरासविरुद्ध तिघांना चुकवून पडता पडता मारला तो उजव्याने. उजवा की डावा, असा विचार करण्यात त्याचा क्षणही जात नसे. बचाव करणाऱ्यांची पंचाईत होई ती यामुळेच.

आता तुमचा प्रश्न. नंतर काय गेलं? पहिल्या चार-पाच पावलांचा झटका गेला. व्हॅलेन्सियात तो बचावफळीच्या खांद्यावर उभा राहून पास यायच्या आत सुटायचा, ते कमी झालं. २००५-०६ मध्ये व्हॅलेन्सियासाठी लीगमध्ये २५ गोल, बार्सिलोनाच्या एतोचे २६. पिचिची, म्हणजे स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याची ट्रॉफी, एका गोलाने हुकली आणि पुढेही कधी मिळाली नाही. त्या वेगाचा व्हिया परत दिसला नाही, हे मान्य.

पण दोन्ही पाय राहिले, आणि कुठे उभं राहायचं याची अक्कल राहिली. आतलेतिकोत प्रशिक्षक सिमेओनेने त्याला दिएगो कोस्ताच्या जोडीला खेळवलं. मी त्या मोसमातले जवळपास सगळे सामने पाहिलेत. मधल्या फळीपर्यंत मागे येऊन दबाव टाकायचा, बॉल मिळाला की एका स्पर्शात पुढे द्यायचा, आणि कोस्ता बचावपटूंना ओढून घेऊन गेला की रिकाम्या जागेत पोहोचायचं. लीगमध्ये १३ गोल. क्लबला १९९६ नंतर पहिल्यांदा ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, मिळाली ती त्याच मोसमात. किंमत ५१ लाख होती म्हणून खेळाडू संपला, असं होत नाही.

नंतर अमेरिकेतला न्यूयॉर्क सिटी. क्लब नवाकोरा, हा पहिला कर्णधार, घरचे सामने बेसबॉलच्या यांकी स्टेडियमवर. २०१६ मध्ये चौतिसाव्या वर्षी २३ गोल आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एकूण १२४ सामन्यांत ८०. तिथली लीग स्पेनपेक्षा हलकी, हे कोणीही म्हणेल आणि मीही म्हणतो. पण एप्रिल २०१७ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध मध्यरेषेच्या आसपासून गोलकीपरच्या डोक्यावरून मारलेला गोल बघा. तो गोल कुठल्याही लीगमध्ये गोलच आहे.

कोपऱ्यातला_फ्लॅग

आतलेतिकोचा मुद्दा मान्य. मी त्या वर्षी कोस्ताकडेच पाहत राहिलो होतो.

लाल_जर्सी_७

मला दुसरीच गोष्ट बोलायची आहे. स्पेनसाठी ९८ सामन्यांत ५९ गोल, आजही सर्वाधिक. राउलचा ४४ चा विक्रम मार्च २०११ मध्ये ग्रानादात चेक प्रजासत्ताकाविरुद्ध मोडला. २०१० मध्ये वर्ल्ड कप जिंकला तेव्हा स्पेनचे एकूण गोल ८ आणि त्यातले ५ याचे. तरी ‘तुमच्या डोळ्यांसमोरचा गोल कोणता’ विचारलं की लोक इनिएस्ताचा २०१० च्या फायनलमधला किंवा तोरेसचा २००८ च्या युरो फायनलमधला सांगतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

कारण दुखापती आहेत, आणि त्या आल्या कधी ते पाहा. युरो २००८ मध्ये चार गोल, स्पर्धेत सर्वाधिक. सेमीफायनलमध्ये रशियाविरुद्ध पहिल्या हाफमध्येच जायबंदी. फायनल बाहेरून पाहिली, आणि गोल केला तोरेसने. युरो २०१२ तर या नडगीमुळे पूर्णच गेली. म्हणजे स्पेनने चार वर्षांत तीन मोठ्या फायनल जिंकल्या आणि हा मैदानावर होता फक्त एकीत.

पाराग्वेविरुद्धचा गोल मी कधी विसरणार नाही. पेद्रोचा फटका खांबाला लागून याच्याकडे आला. याने मारला तो एका खांबाला, तिथून गोलरेषेवरून गडगडत दुसऱ्या खांबाला आणि मग आत. त्या सेकंदभरात मी उभी राहिले होते की बसले होते ते मला आजही आठवत नाही.

आणि कुरितिबा. २३ जून २०१४, स्पेन आधीच स्पर्धेबाहेर, समोर ऑस्ट्रेलिया. ह्वानफ्रानचा उजवीकडून पास, याची पाठ गोलकडे, टाचेने आत. दुसऱ्या हाफमध्ये त्याला बाहेर बोलावलं. बाकावर बसून तो रडत होता. तो गोल काही नडगी मोडलेल्या, संपलेल्या माणसाचा नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये इटलीविरुद्ध बेर्नाबेऊवर त्याला पुन्हा बोलावलं तेव्हा शेवटच्या मिनिटाला उतरला, तरी अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं. रेआल माद्रिदच्या मैदानावर, त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी बार्सिलोनाकडून खेळलेल्या माणसासाठी.

नऊ_नंबर

शेवटही सांगायला हवा. जपानचा क्लब व्हिसेल कोबे, सोबत पुन्हा इनिएस्ता. १ जानेवारी २०२०, तोक्योचं नवं राष्ट्रीय स्टेडियम, एम्परर्स कपची फायनल, काशिमा अँटलर्सवर २-० ने विजय. क्लबचा पहिला मोठा कप. व्हिया अगदी शेवटी बदली म्हणून आला आणि तिथेच थांबला. नडगी मोडली तीही जपानमध्येच. मध्ये आठ वर्षं आणि सतरा दिवस.

डावा_विंगर

सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्तुगालचा गोल थांबवत थांबवत अकरा वेळा पाहिला. आधी इतक्यांदा पाहूनही पाय बदलल्याचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मी डावखुरा. उजव्या पायाने आयुष्यात एक धड क्रॉस मारलेला नाही, आणि आता डाव्यावर पूर्ण भार टाकायला अजून निदान महिना आहे. मांडीच्या हाडाची ती गोष्ट वाचून काल संध्याकाळी धाकट्या भावाला समोर उभं केलं. मी खुर्चीत, डावा पाय स्टुलावर. तो हाताने बॉल टाकतो, मी उजव्याने परत मारतो. चाळीसपैकी नऊ त्याच्या हातात गेले.