पिवळ्या डे-लिलीला पानं उदंड, फुलं मात्र मोजकी

प्रश्न
‘स्टेला डी ओरो’ ही पिवळी डे-लिली वाफ्यात लावून पाच वर्षं झाली. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत मिळतं. पानं हिरवीगार, पण फुलदांडे दरवर्षी कमी होत चाललेत आणि गड्डा मधोमध पोकळ दिसतोय. दर पंधरवड्याला थोडा युरिया देते. खत बदलू की नवीन रोपं आणू?

फुटवा
नवीन कशाला? आहे तोच गड्डा फोडा. ही जात भराभर फुटवे देते, त्यामुळे तीन-चार वर्षांत दाटी होतेच. बहर ओसरल्यावर, ऊन सौम्य असताना हे काम करा. गड्ड्यापासून 15 सेंमी अंतरावर चारी बाजूंनी खणून तो अख्खा उचला, पाण्याच्या धारेखाली माती धुऊन काढा म्हणजे जोड दिसतात. हातानं सुटले तर उत्तम, नाहीतर सुरी. प्रत्येक भागाला मुळांसकट दोन-तीन फुटवे हवेत. पानं 15 सेंमी ठेवून छाटा. खड्ड्याच्या तळाशी मातीचा उंचवटा करून मुळं त्यावर पसरा. पानं आणि मुळं जुळतात ती जागा मातीखाली जास्तीत जास्त अडीच सेंमी असावी. त्याहून खोल गेली की झाड जगतं पण फुलत नाही. दोन रोपांत 45 सेंमी अंतर ठेवा. पहिल्या हंगामात फुलं कमीच येतील, तेवढा धीर धरा.

मातीमित्र
युरिया आधी बंद करा. त्यात नुसतं नत्र (नायट्रोजन) असतं, ते पानांत जातं. लावताना चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. ऊन किमान सहा तास लागतं, तेव्हा शेजारच्या झाडाची सावली वाढलीय का तेही बघा. कळ्या धरल्यावर माती कोरडी पडू देऊ नका.

तांबेरा_तपासा
फोडण्याआधी पानं खालून पाहा. पांढरा कागद घासल्यावर नारिंगी भुकटी लागली तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. अशी पानं कापून वाफ्याबाहेर न्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि घरात मांजर असेल तर सावध राहा: डे-लिलीचा कुठलाही भाग खाल्ला तर मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

प्रश्नकर्ती
धन्यवाद! सुकलेल्या फुलाबरोबर दांडाही कापायचा का?

फुटवा
लगेच नको. फूल एकच दिवस टिकतं, पण त्याच दांड्यावर पुढच्या कळ्या असतात. सुकलेलं फूल बुडाच्या हिरव्या गाठीसकट खुडा, नाहीतर तिथं बोंड धरतं. शेवटची कळी फुलून गेली की दांडा बुडाशी कापा.