पॅनोरमा क्यूबमध्ये कन्व्हर्ट करताना कुठला इंटरपोलेटर लावता?

गोलगोल: मंडळी, डोक्याला ताप झालाय. ३६० चा पॅनो आहे, इक्विरेक्टँग्युलर (म्हणजे अख्खा गोल एका सपाट आयतात उलगडलेला), ८००० बाय ४००० पिक्सेल. खालचा ट्रायपॉड पुसायला त्याचे क्यूबचे सहा फेस (बाजू) करतो (प्रत्येकी २०००, कारण ८००० भागिले ४), खालचा फेस साफ करतो आणि सगळं परत इक्विरेक्टँग्युलर. हगिनमध्ये (पॅनो जोडायचं सॉफ्टवेअर) इंटरपोलेटरची, म्हणजे जुन्या पिक्सेलवरून नव्याचा रंग काढणाऱ्या फिल्टरची, यादी उघडली तर क्यूबिक, स्प्लाइन ३६, सिंक २५६, सिंक १०२४ काय काय आहे. म्हटलं मोठा आकडा तो भारी, १०२४ लावलं, तर विजेच्या तारांच्या दोन्ही बाजूंनी आभाळात पांढुरक्या रेघा आल्या. वर फोटो पहिल्यापेक्षा मऊ पडला तो वेगळाच. आणि प्रिव्ह्यूसाठी १६०० चा डायरेक्ट काढला तर जाळीच्या गेटवर नुसत्या लाटा. नक्की काय लावू?

तिरपा_हॉरिझॉन: मऊ पडतोय तो फिल्टरमुळे नाही, २००० मुळे. फेस सपाट असतो ना, त्यामुळे त्याच्या मधोमध पिक्सेल सगळ्यात विरळ आणि कोपऱ्यात दाट. मधली शार्पनेस टिकवायची तर रुंदी भागिले पाय (π), म्हणजे ८००० ला साधारण २५४६. चारने भागलंत की मधला डिटेल तिथेच गेला, परत येताना सिंक लावा नाहीतर आणखी काही, गेलेलं येत नाही.
रेघांचं म्हणाल तर सिंक, लँक्झोस, स्प्लाइन या सगळ्यांत काही पिक्सेलना वजन मायनस असतं, त्यामुळे काळ्या तारेशेजारचं आभाळ आहे त्याहून उजळ होतं. आधी शार्पन केलं असेल तर विचारूच नका. शार्पन सगळ्यात शेवटी करा. मी डोळे मिटून स्प्लाइन ३६ लावतो.

पिक्सेलमोड्या: वरच्यांशी सहमत. लाटांचं कारण वेगळं आहे पण. ८००० चं १६०० केलं की एका नव्या पिक्सेलखाली जुने ५ बाय ५ म्हणजे २५ येतात आणि बायलिनियर (साधा, छोटा फिल्टर) त्यातले ४ च बघतो. स्प्लाइन ३६ बघतो ३६, पण वजन जवळपास सगळं मधल्यांवर, म्हणजे तेच. हे फिल्टर इमेज वळवायला आहेत, इतकी लहान करायला नाहीत. आधी फुल साइज रेंडर मारा, मग एडिटरमधून लहान करा, तो लहान करताना फिल्टर तेवढाच ताणतो.
फरक स्वतः बघायचा असेल तर एखादा बारीक अक्षरांचा फोटो ५ अंशांनी ३६ वेळा फिरवा. बायलिनियरचा पार चिखल होतो, मोठ्या फिल्टरमध्ये अक्षरं वाचता येतात. पण तुम्ही दोनदाच फिरवताय हो, १०२४ कशाला!

तिरपा_हॉरिझॉन: आणि सहाच्या सहा फेस कशाला करता हाही प्रश्नच आहे. फक्त खालचा व्ह्यू काढा, पुसा, परत इक्विरेक्टँग्युलर करून लेअर म्हणून मूळ फोटोवर ठेवा आणि पुसलं तेवढंच मास्कने दाखवा, बाकीच्या पिक्सेलना हातच लागत नाही.

गोलगोल: अरे हे डोक्यातच आलं नव्हतं! केलं तसं. ट्रायपॉड गेला, तारांना तर धक्काच नाही. शार्पन आधी केलं होतं हेही कबूल 🙈 व्ह्यूअरसाठी क्यूब लागेलच, तो २५४६ चा काढतो.

पिक्सेलमोड्या: २५६० ठेवा, ५१२ पिक्सेलच्या बरोबर पाच टाइल्स (फोटोचे चौकोनी तुकडे) बसतात.