घर आहे, हातात पैसा नाही: रिव्हर्स मॉर्टगेज घ्यावं का?

उंबरठा_67

मी 67, हे 73. घरावरचं कर्ज फिटून अकरा वर्षं झाली. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी ह्यांनी बँकेतून सोडवून आणलेली फाइल कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या खिशात. तेव्हापासून ती फाइल कुणी उघडलेली नाही.

आता गत अशी की घर मोठं आणि महिना लहान. पेन्शन विसाव्या तारखेला दम तोडते. न्हाणीघराच्या दारात एक पायरी आहे. ती चढताना हे दर वेळी आधाराला नळ धरतात, आणि तो नळ आता हलायला लागलाय. रोज सकाळी तो खडखड आवाज आला की मी हातातलं काम टाकून कान देते, पुढे धप्प ऐकू येत नाही ना म्हणून. ते सगळं तोडून सपाट करायचंय, कठडे लावायचेत. पैसे भिंतींत अडकलेत आणि भिंत काही वाण्याला देता येत नाही.

ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, घर न सोडता घरातले पैसे काढता येतात, रिव्हर्स मॉर्टगेज म्हणतात त्याला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ह्या वयात कर्ज?" आणि गप्प झाला. त्या गप्प होण्यात वारसाहक्क किती आणि काळजी किती, मला कळलं नाही. हे म्हणतात, विकून लहान घर घेऊ.

हप्ता भरायचा नसतो म्हणे. मग देणारा वसूल कसा करतो? घर कुणाच्या नावावर राहतं? आमच्यातला एक गेल्यावर दुसऱ्याला बाहेर काढतात का? मुलाला काय उरतं? आकडे चालतील. 31 वर्षं शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं केलीत, घाबरत नाही.

आकडेमोड

काकू, मग आकड्यांतूनच सांगतो.

नेहमीच्या गृहकर्जात दर महिन्याला कर्ज घटतं आणि घर तुमचं होत जातं. इथे चाक उलटं फिरतं. घर तुमच्याच नावावर राहतं, फक्त तारण असतं. हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. ते मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या वर्षी त्यावरही व्याज लागतं. तुम्ही दोघंही नसाल, किंवा घर कायमचं सोडाल, तेव्हा एकरकमी वसुली. वारसांनी पैसे भरून घर सोडवावं, नाहीतर विकून कर्ज फेडावं आणि उरेल ते ठेवावं.

घराची किंमत आज 100 धरा. त्यावर 20 एकदम उचलले, व्याज 7 टक्के. दहा वर्षांनी देणं 39 च्या वर, वीस वर्षांनी 77. आता तेच 20 एकदम न घेता दरवर्षी 1 असे वीस वर्षं घ्या. शेवटी देणं 41. पैसे तेवढेच हातात आले, देण्यात जवळजवळ दुपटीचा फरक, कारण न उचललेल्या पैशाला व्याज नाही. न्हाणीघरापुरते आधी घ्या, बाकीचे महिन्याच्या महिन्याला किंवा लागतील तसे.

मुलाला काय उरतं? घर वर्षाला 3 टक्के वाढलं तर वीस वर्षांनी 180. एकरकमी घेतलेत तर 180 वजा 77. घर वाढलंच नाही तर 100 वजा 77. हा दुसरा आकडा त्याला आधी सांगा. पहिला सांगायला एजंट बसलेलाच आहे.

आणि एक कलम कागदावर आहेच याची खात्री करा: कर्ज फुगून घराच्या किमतीच्या वर गेलं तरी वसुली घर विकून येईल तेवढीच, वारसांच्या खिशाला हात नाही. भारतात 2007 पासून राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांवर चालणाऱ्या योजनांत हे आहे, अमेरिकेतल्या सरकारी विम्याच्या योजनेत आहे, ब्रिटनमध्ये अशी कर्जं देणाऱ्यांची जी परिषद आहे (इक्विटी रिलीज कौन्सिल), तिच्या सदस्य संस्थांना ते बंधनकारक आहे. नसेल तर उठून या.

वयाची अट देशागणिक वेगळी: ब्रिटनमध्ये साधारण 55, भारतात 60, अमेरिकेत 62.

एकदा_पोळलेला

मावशी, तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. वरच्यांनी तो एका ओळीत उरकला, म्हणून मी लिहितोय.

माझ्या काकांनी असं कर्ज घेतलं. अर्ज एकट्या काकांचा. काकू तेव्हा वयाच्या अटीत बसत नव्हत्या, आणि "त्यांचं नाव नसलं तर रक्कमही जास्त बसते" असं देणाऱ्याच्या माणसाने सांगितलं. ते खोटं नव्हतं. वय जितकं जास्त तितकी रक्कम जास्त मिळते, आणि जोडप्यात हिशेब धाकट्याच्या वयावर धरतात. काका सहा वर्षांनी गेले. तेराव्यानंतरच्या आठवड्यात पत्र आलं. कर्जदार हयात नाही, सबब देणं चुकतं करा. काकूंनी ते पत्र मला वाचायला दिलं तेव्हा "कर्जदार" शब्दावर बोट ठेवून विचारलं, "मग मी कोण?" सहीच्या पानांवर त्यांचं नाव फक्त साक्षीदार म्हणून होतं. घर विकावं लागलं.

हे एकट्या आमच्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत नाव नसलेल्या जोडीदारांवर हीच पाळी येत होती, तेव्हा 2014 मध्ये नियम बदलून अशा जोडीदाराला काही अटींवर घरात राहू देण्याची तरतूद करावी लागली. भारतात जोडप्याला एकत्र घेता येतं, एक 60 च्या वर आणि दुसरा निदान 55 चा. तुम्ही दोघं कुठल्याही मोजपट्टीने बसता. रक्कम थोडी कमी मिळेल, मिळू दे.

दुसरं, "घर कायमचं सोडणं" म्हणजे काय ते कलम शोधा. बऱ्याच ठिकाणी सलग बारा महिने घरात राहिला नाहीत तर कर्ज देय होतं. दोघांतला एक शुश्रूषागृहात गेला तर चालतं, दुसरा घरात आहे आणि त्याचं नाव कर्जात आहे तोवर. मुलाकडे वर्षभर राहायला जायचा बेत असेल तर आधी हे वाचा. घरपट्टी थकवली, विमा चुकवला, छत गळतं ठेवलं, तरी कर्ज परत मागता येतं. हप्ता नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे.

सावकाश

काकू, तुमच्या मिस्टरांचं "लहान घर घेऊ" इतक्यात निकालात काढू नका. विकून लहान घेतलं की व्याज शून्य आणि न्हाणीघर आयतं सपाट. मूल्यांकनाची फी, वकिलाची फी, प्रोसेसिंग हे सगळं रिव्हर्स मॉर्टगेजमध्ये धरलं, तर चार-पाच वर्षांत घर सोडायची शक्यता असलेल्याला ते महागच पडतं.

घर किंवा त्याचा काही हिस्सा आजच विकून हयातभर राहण्याचा हक्क ठेवायचा, असाही एक प्रकार काही देशांत आहे. व्याज नाही, पण ते बाजारभावाच्या बरंच खाली जातं, कारण घेणारा तुमच्या आयुष्यावर पैज लावतो. पैज उलटतेही. फ्रान्समधल्या आर्ल गावी 1965 साली राफ्रे नावाच्या नोटरीने 90 वर्षांच्या जान कालमां ह्या बाईंशी करार केला: महिना 2500 फ्रँक, मरेपर्यंत, मग फ्लॅट त्याचा. तो 1995 मध्ये वारला, त्याची बायको पैसे भरत राहिली, आणि बाई 1997 मध्ये 122 व्या वर्षी गेल्या. तुम्हीही लावा पैज तब्येतीवर.

उंबरठा_67

एकदा_पोळलेला, तुझ्या काकूंचं बोट काल रात्रभर डोळ्यांपुढे होतं.

सकाळी ह्यांच्याकडून किल्ली मागितली. दिली, पण कशाला ते दोनदा विचारलं. टेबलावर फाइल उघडली. खरेदीखत, पावत्या, कर्ज फिटल्याचं पत्र, सगळं जिथल्या तिथे. माझं नाव कुठेच नाही. हप्त्यांचे अर्धे पैसे माझ्या पगारातून गेले, पासबुकात नोंदी आहेत. खरेदीखतावर एकट्या ह्यांचं नाव. मी पान पुढे सरकवलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, मग परत पहिल्या पानावर गेले, जणू तिथे असेल.

मग म्हणाले, "वकिलाकडे कधी जायचं?"

मुलाला दोन्ही आकडे पाठवलेत, 77 चे. कठडे मात्र थांबणार नाहीत, ते ह्या महिन्याच्या पेन्शनमधून लावून घेतेय. नाव चढवायला काय काय लागतं?

एकदा_पोळलेला

बक्षीसपत्र करून तुमचं नाव सहमालक म्हणून चढवता येतं. मुद्रांक शुल्क लागतं, जोडीदारासाठी सवलत आहे का ते वकिलाला विचारा. ते नोंदवून झालं की मगच अर्ज, आणि सहीच्या पानावर "साक्षीदार" नाही, "सहकर्जदार" लिहिलंय ना, ते स्वतः वाचा.