'लष्करी उठाव', 'सत्तापालट' की आणखी काही? चिलीच्या १९७३ बद्दल मराठीत लिहिताना

मूळ अमळनेर, सध्या सान्तियागो

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या दिवाळी अंकासाठी चिलीवर लेख लिहितेय. ११ सप्टेंबर १९७३ पाशी येऊन अडले. त्या दिवशी लष्कराने राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादावर विमानांतून बॉम्ब टाकले. निवडून आलेले अध्यक्ष साल्वादोर अयेंदे यांचा आतच अंत झाला आणि त्यानंतर मार्च १९९० पर्यंत जनरल पिनोचेत यांची सत्ता चालली. मराठी वर्तमानपत्रे अशा घटनेला 'लष्करी उठाव' म्हणतात. मला तो शब्द लिहवत नाही, पण का, ते नीट सांगता येत नाही.

इथे शब्दावरून माणसाचं घर ओळखतात. माझ्या घरमालकीणबाई त्या काळाला 'गोबिएर्नो मिलितार', म्हणजे लष्करी सरकार म्हणतात आणि त्या दिवसाला 'प्रोनुन्सियामिएंतो', म्हणजे सैन्याने आपलं म्हणणं जाहीर करणं. ऑफिसातला सहकारी त्याच दिवसाला 'गोल्पे', तडाखा म्हणतो आणि त्या सतरा वर्षांना 'दिक्तादुरा', हुकूमशाही. २०१२ च्या सुरुवातीला प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात 'हुकूमशाही' काढून 'लष्करी राजवट' घातल्याचं उघड झालं, तेव्हा देशभर गदारोळ उठला होता. मी या देशात पाहुणी आहे. दोन्ही घरी माझं ताट मांडलेलं असतं. कुणाचा अपमान करायचा नाही आणि खोटंही लिहायचं नाही. कोणते शब्द वापरू?

नंदुरबार

ताई, 'उठाव' अजिबात नको. आमच्या गावात हा शब्द जपून वापरतात. ९ सप्टेंबर १९४२ ला इथे शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. हातात तिरंगा होता, शस्त्र नव्हतं. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईकांच्या मागे भिल्ल उभे राहिले, त्याला इंग्रजी दप्तराने 'बंड' म्हटलं, आपण 'उठाव' म्हणतो. कारण उठतो तो दबलेला माणूस. ज्याच्या हाती रणगाडे, विमानं आणि पगारी फौज आहे, तो कुठून उठणार? जनरलच्या कृत्याला 'उठाव' म्हटलं की शिरीषकुमारचा मान नकळत त्याच्या खांद्यावर जातो. तुम्हाला लिहवत नाही, ते यामुळेच.

जळगाव

नंदुरबारकरांशी सहमत. पण 'सत्तापालट'ही चालणार नाही. तो बाजार समितीतही होतो, एक पॅनल पडलं आणि दुसरं आलं की बातमी तीच. त्यात रक्त दिसत नाही. 'लष्करी बंड' त्यातल्या त्यात बरा, पण बंड फसतंही. हे तर यशस्वी झालं.

माझं मत, नाम शोधूच नका. क्रियापद वापरा: 'लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवून सत्ता बळकावली.' कर्ता, कर्म, क्रिया तिन्ही जागच्या जागी. नामात कर्ता लपतो.

धुळे

बाई, मी वयाने मोठा आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

१९४४ साली आमच्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. सरकारी कागदात तो दरोडा. आम्ही लहानपणापासून 'खजिना लूट' ऐकली, तीही अभिमानाने. 'लूट' हा खरं तर वाईट शब्द, पण या एका जागी तो धुऊन निघाला.

आता उलट बाजू. १९७५ च्या आणीबाणीत माझे वडील मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या तुरुंगात होते. माझे मामा महसूल खात्यात कारकून. मामा शेवटपर्यंत सांगायचे की साहेब दहाला खुर्चीत असायचा, गाड्या वेळेवर यायच्या, साठेबाज दबकून होते. वडील ऐकून घ्यायचे आणि उठून जायचे. मामांनी पाहिलं ते त्यांनी पाहिलंच होतं. ते खोटारडे नव्हते. पण बंद दाराआड काय चाललंय हे त्यांना दिसण्यासारखं नव्हतं, आणि नंतर पाहायची इच्छाही झाली नाही. हा त्यांचा दोष मी आजही मानतो.

त्या काळातला एक शब्द मला फार छळतो. विनोबांनी १९३२ मध्ये आमच्या धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच विनोबांचा 'अनुशासनपर्व' हा शब्द सरकारने उचलून भिंतींवर लावला. अनुशासन आचार्यांचं असतं, राज्यकर्त्यांचं ते शासन, असा खुलासा त्यांनी पुढे केला, पण तोवर शब्द त्यांचा राहिला नव्हता. आणि 'आणीबाणी' पाहा: तो सरकारचाच, घटनेच्या कलम ३५२ मधला. लोकांनी तो असा वापरला की आज तो आरोपासारखाच ऐकू येतो.

म्हणून माझं सांगणं: लेखाच्या मजकुरात तुझा शब्द ठेव, 'हुकूमशाही'. घरमालकीणबाईंच्या तोंडी त्यांचाच ठेव, 'लष्करी सरकार'. तो बदलू नको, त्याला अवतरणात टाकून चिमटाही काढू नको. वाचणाऱ्याला दोन्ही ऐकू येऊ देत.

मूळ अमळनेर, सध्या सान्तियागो

आबा, तुमच्या मामांचं वाचून घरमालकीणबाई डोळ्यांसमोर आल्या. त्यांच्या आठवणीत १९७२-७३ म्हणजे पावासाठी, तेलासाठी, साखरेसाठी पहाटेपासून रांग. तेही खरंच आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांच्या संपाने देश अडकला होता, १९७३ मध्ये महागाई वर्षाला ५०० टक्क्यांच्या वर गेली. त्या टंचाईमागे अयेंदे सरकारची धोरणं होती आणि अमेरिकेचा आर्थिक दबावही होता; अमेरिकेने तो दबाव आणला आणि अयेंदेंच्या विरोधकांना गुप्त पैसा पुरवला, हे अमेरिकी सिनेटच्याच समितीने १९७५ मध्ये नोंदवलं. बाई पहिलं कारण सांगतात, सहकारी दुसरं. आणि ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात पिनोचेत हरले तरी सुमारे ४४ टक्के लोकांनी त्यांना 'हो' म्हटलं होतं. एवढ्या लोकांना वगळून या देशाबद्दल लिहिता येणार नाही.

पण काही गोष्टींना दोन बाजू नाहीत. सरकारी आयोगांनी मोजलं: ठार मारलेले आणि गायब केलेले मिळून ३,००० हून अधिक, राजकीय कैद आणि छळ सोसलेले ३८,००० हून अधिक. रांगेत उभं राहिल्याची आठवण या आकड्याला खोडत नाही, हे मला लेखात स्पष्ट म्हणायचंच आहे. 'हुकूमशाही' ठरलं.

आता पुढची अडचण. अटक करून नेले आणि परत आलेच नाहीत, अशांना इथे 'देतेनिदोस देसापारेसिदोस' म्हणतात. हजाराहून अधिक जणांचा ठावठिकाणा अजून लागलेला नाही. 'बेपत्ता' म्हणू?

शिरपूर

'बेपत्ता' नको हो ताई. तो शब्द एसटी स्टँडवरच्या फलकावरचा आहे: रंग सावळा, अंगात पांढरा सदरा, घरातून न सांगता निघून गेला. त्यात जाणारा स्वतः जातो.

अहिराणीत हा फरक चांगला कळतो. 'तो गायब व्हयना' आणि 'त्याले गायब करी टाकं'. दुसऱ्यात करणारा आहे. प्रमाण मराठीतही 'गायब केलेले' असंच लिहा. कानाला खडबडीत लागेल, लागू द्या.

मूळ अमळनेर, सध्या सान्तियागो

भाऊ, स्पॅनिशनेही नेमकं हेच केलं! 'देसापारेसेर' म्हणजे नाहीसं होणं, अकर्मक. या खंडातल्या लोकांनी ते सकर्मक केलं: 'लो देसापारेसिएरोन', त्याला नाहीसं केलं. 'गायब केलेले' पक्कं.

जळगाव

एक राहिलं. देश सोडून गेले त्यांना काय लिहिणार? 'निर्वासित' म्हटलं की आपल्याकडे फाळणी आठवते. 'परागंदा' हा जुना शब्द चांगला आहे, जीव वाचवायला पळालेल्यांसाठी. 'हद्दपार' मात्र वेगळा, त्यात काढणारं सरकार हवं. आपल्याकडे जिल्ह्यातून हद्दपार करतात, तसा आदेश.

मूळ अमळनेर, सध्या सान्तियागो

मग मी दोन्ही ठेवते. दूतावासात शिरून आसरा घेतला आणि तिथून मेक्सिको, स्वीडनला गेले ते 'परागंदा'. आणि ज्यांच्या पासपोर्टवर 'एल' अक्षराचा शिक्का मारून परतीची वाट बंद केली ते 'हद्दपार'.